निकोटिन किती कमी केलं म्हणजे सुटतं? हा प्रश्न आधी उंदरांना विचारला होता

परळ_मास्तर | रविवार, सकाळी ११.१०

परवा भाच्याशी वाद झाला. "मामा, अमेरिकेत सिगरेटमधलं निकोटिनच काढून टाकणार आहेत. मग ओढणार कोण?" मी म्हटलं, काढून नाही टाकणार, कमी करणार, आणि तेही अजून प्रस्तावाच्या पायरीवर आहे. तर म्हणतो, "कमी म्हणजे किती? आणि किती ते ठरवलं कोणी?"

ठरवण्यात मोठा वाटा उंदरांचा आहे असं सांगितलं तर तो हसला. म्हणून इथे लिहायला बसलोय. मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. त्याआधी चार वर्षं एका प्राणिगृहात संशोधन सहायक होतो. निकोटिनवर माझं काम नव्हतं, आमची औषधं वेगळी होती. पण पेटी तीच, कळ तीच आणि मानेतल्या शिरेत नळी घालायची पद्धतही तीच.

आधी आकडा. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याने तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला (आपलं वांद्र्याचं नव्हे) तंबाखूतलं निकोटिन कमी करायचा अधिकार दिला, मात्र शून्यावर आणायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला: सिगरेट आणि जाळून ओढायच्या आणखी काही प्रकारांत १ ग्रॅम तंबाखूमागे जास्तीत जास्त ०.७ मिलिग्रॅम निकोटिन. संशोधनासाठी बनवलेल्या 'नेहमीच्या' सिगरेटीत ते १५.८ असतं. म्हणजे बाविसावा हिस्सा.

या कल्पनेचं मूळ १९९४ चं. बेनोविट्झ आणि हेनिंगफील्ड या दोन संशोधकांनी असा हिशोब मांडला की दिवसाला पाचच्या आत सिगरेटी ओढणारे काही लोक वर्षानुवर्षं तसेच राहतात, अडकत नाहीत. मग त्यांच्या पोटात जातं तेवढंच निकोटिन सगळ्यांना मिळालं तर? हिशोब हुशारीचा, पण हिशोबच. खरा प्रश्न पंधरा वर्षांच्या पोराचा आहे, ज्याने अजून एकही ओढलेली नाही. त्याला किती दिलं म्हणजे तो अडकेल? हे माणसावर करून बघता येत नाही. कुठली समिती परवानगी देईल, आणि का द्यावी?

म्हणून उंदीर. पांढरा, तीनशे ग्रॅमचा. त्याला भूल देऊन मानेतल्या शिरेत केसापेक्षा थोडी जाड नळी घालायची, ती कातडीखालून फिरवून पाठीवर बाहेर काढायची. काही दिवस विश्रांती. रोज नळीतून हेपरिन घातलेलं सलाइन सोडायचं, नाहीतर रक्त गोठून नळी बुजते आणि महिन्याचं काम वाया जातं. मग पेटीत सोडायचा. भिंतीवर दोन कळा. एक दाबली की पंप एखादा सेकंद फिरतो आणि शिरेत निकोटिन जातं, वरचा छोटा दिवा लागतो. दुसरी दाबली तर काहीच नाही. पहिल्यांदा दाबली जाते ती बहुतेक चुकून. पंधरवड्यात तो एक कळ सोडून दुसरीकडे बघतही नाही. १९८९ मध्ये कॉरिगल आणि कोएन यांनी टोरोंटोत ही पद्धत नीट बसवली, आणि पुढची सगळी कामं त्या पायावर उभी आहेत.

एकदा उंदीर सरावला की डोस उतरवत न्यायचा. अर्धा, पाव, आणखी निम्मा. भीती अशी की तो दुप्पट-चौपट दाबून भरपाई करेल. थोडी करतो, पण पुरती नाही. एका पातळीखाली गेलं की नुसतं सलाइन मिळणाऱ्या उंदराइतकंच दाबतो. त्याहून कामाची गोष्ट २०१४ ची: जेवढ्या कमी डोसवर आधीच सरावलेला उंदीर कसाबसा टिकून राहतो, तेवढ्यावर कोरा उंदीर शिकतच नाही. म्हणजे लागलेलं टिकवायला जे पुरतं, ते नव्याने लावायला पुरत नाही. पंधरा वर्षांच्या पोराबद्दल आपल्याला हेच तर हवं होतं. पुढे पौगंडावस्थेतल्या उंदरांवरही पाहिलं, आणि कमी डोसवर ती पोरं मोठ्यांपेक्षा कमीच घेतात असं दिसलं.

दिव्याचा प्रकार वेगळाच आहे, तो प्रतिसादात सांगतो. पोह्याची बशी समोर आलीये.

कुर्ला_टर्मिनस | रविवार, दुपारी १२.०२

मस्त लिहिलंय मास्तर, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). पण मला एक कळत नाही. मी रोज दहा ओढतो. तुम्ही निकोटिन बाविसाव्या हिश्शावर आणलं तर मी दोनशे वीस ओढायला पाहिजेत ना? 'लाइट'वाल्यांचं तसंच झालं होतं. बायको म्हणाली लाइट घे, मी घेतली, महिन्याचा खर्च वाढला.

परळ_मास्तर | रविवार, दुपारी १२.४०

लाइटमध्ये तंबाखू तीच असते हो. फिल्टरला बारीक भोकं असतात, त्यातून हवा मिसळते आणि मोजायच्या यंत्राला धूर पातळ दिसतो. यंत्राला बोटं नसतात. तुम्ही भोकांवर बोटं ठेवता, जोरात ओढता, खोल ओढता, आणि हवं तेवढं घेता. इथे पानातूनच निकोटिन गेलेलं असतं. ओढून ओढून येणार कुठून? उसाच्या चिपाडातून रस काढण्यासारखं आहे.

आणि हे माणसांवरही पाहिलं गेलं. डॉनी आणि मंडळी, २०१५. सिगरेट सोडायचा विचार नसलेले ८४० जण, सहा आठवडे, कोणाला कुठली मिळाली हे त्यांना ठाऊक नाही. नेहमीचं निकोटिन असलेली मिळाली ते सहाव्या आठवड्यात दिवसाला २१.३ ओढत होते. ग्रॅममागे ०.४ मिलिग्रॅमवाली मिळाली ते १४.९. वाढली नाही, घटली. २०१८ मध्ये १,२५० जणांवर वीस आठवडे पाहिलं की हळूहळू उतरवावं की एकदम. एकदम उतरवलेलं बरं निघालं.

एक प्रामाणिक तळटीप: या प्रयोगांत बरेच जण गुपचूप आपल्या नेहमीच्या सिगरेटीही ओढत होते. रक्त-लघवीत ते दिसतं. उंदराच्या पेटीशेजारी टपरी नसते.

मांजरप्रेमी | रविवार, दुपारी १.१५

सगळं वाचलं. "काही दिवस विश्रांती" हे दोन शब्दांत उरकलंत. त्या काही दिवसांत उंदराला काय होतं ते कोणी लिहीत नाही.

माणसाने स्वतःहून ओढायला सुरुवात केली, कंपन्यांनी विकून पैसे केले, सरकारने कर घेतला, आणि बिल फाडायचं उंदराच्या नावावर? कॅन्सरच्या औषधासाठी प्रयोग करा, समजू शकते. इथे उपाय माहीत आहे: विकू नका.

आणि फक्त उंदीर नाहीत. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये एका महिला पत्रकाराने प्रयोगशाळेत नोकरी धरून फोटो काढले होते, तोंडाला मुखवटे बांधून रांगेत बसवलेले बीगल कुत्रे, त्यांना सिगरेटचा धूर दिला जात होता. तेही 'कमी घातक सिगरेट' शोधण्यासाठीच चाललं होतं! १९९७ मध्ये ब्रिटनने तंबाखूसाठी प्राण्यांवरचे प्रयोग बंद केले. जग काही थांबलं नाही.

तुमच्याच विषयातलं ताजं उदाहरण देते. अमेरिकेच्या त्याच एफडीएच्या अर्कान्सामधल्या केंद्रात स्क्विरल माकडांना अशीच नळी लावून, कळ दाबायला शिकवून निकोटिन देत होते. तरुण माकडं किती कमी निकोटिनवर अडकतात ते बघायला. चार माकडं मेली. चिंपांझींवर काम करणाऱ्या जेन गुडॉल यांनी २०१७ मध्ये पत्र लिहिलं, जानेवारी २०१८ मध्ये प्रयोग बंद झाला, उरलेली २६ माकडं अभयारण्यात पाठवली. त्यानंतरही ०.७ चा आकडा आलाच ना? मग ती चार कशासाठी मेली?

अण्णा_बोरिवली | रविवार, दुपारी १.२२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

परळ_मास्तर | रविवार, दुपारी ३.०५

ताई, विश्रांतीबद्दल तुम्ही बरोबर पकडलंत.

पहिल्या दिवशी तो अंग चोरून कोपऱ्यात बसतो. केस विस्कटलेले, डोळ्यांच्या कडेला लालसर स्राव येतो, तो रक्तासारखा दिसतो पण रक्त नसतं. वेदनाशामक देतो. दुसऱ्या दिवशी खायला लागला की आपल्याला बरं वाटतं. काही जगत नाहीत. प्रयोग संपला की जे जगलेत त्यांनाही मारतात, कारण नळी खरंच शिरेत होती का हे उघडून बघायचं असतं, कधी मेंदू हवा असतो. मी ते केलंय. चार वर्षांत किती, ते माझ्या वहीत आहे, इथे लिहीत नाही. नोकरी सोडायचं ते एकमेव कारण नव्हतं, पण एक होतं.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आणि प्रत्येक संस्थेत आचारसमिती. उंदीर किती, का, दुसरा मार्ग का नाही, हे लिहून द्यावं लागतं. आमच्या समितीवर बाहेरचे एक गृहस्थ होते, अत्यंत चिकट. "बारा का? आठ का नाहीत?" एवढा एकच प्रश्न ते दरवेळी विचारायचे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, खोलीत उंदरांची बाजू घेणारा तो एकच माणूस होता.

माकडांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. माकडं कळ दाबून निकोटिन घेतात हे १९८१ लाच छापून आलेलं आहे. त्यानंतर पुन्हा तेच, तेही मरू देऊन, याचं समर्थन मला जमत नाही.

'विकू नका'बद्दल मात्र हात जोडतो. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे. परळ स्टेशनच्या जिन्यावरच्या भिंती बघून या.

नाक्यावरचा_वाणी | रविवार, दुपारी ४.३०

मी दुकानदार. खरं सांगतो, नंतर शिव्या घाला. सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगरेट-बिडी विकायला राज्यात बंदी आली. तुमच्यापैकी कोणी तेव्हापासून अख्खं पाकीट घेतलंय? माझ्याकडे येतात ते "दोन दे" म्हणूनच येतात. मी नाही दिली तर पलीकडे मिळते.

निकोटिन कमी केलेली सिगरेट आली तर एकदा घेतील, दोनदा घेतील, तिसऱ्यांदा "ती जुनी ठेवत नाही का?" विचारतील. आणि जुनी कुठून तरी येईलच.

न्यूझीलंडने म्हणे असा कायदा केला होता, त्याचं काय झालं?

परळ_मास्तर | रविवार, दुपारी ४.५०

डिसेंबर २०२२ मध्ये केला. निकोटिन ०.८ वर आणायचं, दुकानं मोजकी ठेवायची, आणि १ जानेवारी २००९ पासून पुढे जन्मलेल्यांना कधीच विकायची नाही. सरकार बदललं, २०२४ च्या सुरुवातीला रद्द. अंमल सुरूच झाला नाही.

शिवडीची_सून | रविवार, रात्री ९.१८

तुम्ही सगळे सिगरेटीवरच अडकलात. आमच्या घरात कोणी बायकांनी सिगरेट पाहिली नाही, पण सासूबाई, त्यांच्या जावा, शेजारच्या दोन काकू, सगळ्या मशेरीवाल्या. दुपारी सगळं आवरलं की गॅसवर जुना तवा चढायचा, त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. मजल्यावर ठसका. मग ती पाट्यावर नाही, तव्यातच वाटीच्या बुडाने चुरडायची. थंड झाली की डबीत. तर्जनीवर घेऊन दातांना लावत गॅलरीत बसायच्या, अर्धा-अर्धा तास. तो त्यांचा दिवसातला एकच स्वतःचा वेळ.

आता सासूबाईंची सुटलीये (हिरडीवर पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी घाबरवलं). पण खाली कोणाकडे मिरच्या भाजल्या, काही करपलं, की त्यांचं बोट आपोआप तोंडाकडे जातं. स्वतःच हसतात. हे निकोटिन तर नाही ना? घरात तंबाखूच नाही.

मास्तर, तुम्ही दिव्याचं सांगणार होतात.

परळ_मास्तर | रविवार, रात्री १०.०१

सूनबाई, दिव्याचं तुम्हीच सांगून टाकलंत.

पिट्सबर्गच्या कॅग्युला-डॉनी यांच्या गटाने काय केलं? काही उंदरांना कळ दाबल्यावर फक्त दिवा दिला. थोडं दाबतात, उंदराला लुकलुकणं बऱ्यापैकी आवडतं. काहींना दिव्याशिवाय फक्त निकोटिन दिलं. तेही थोडंच दाबतात. हे ऐकून मीही चाट पडलो होतो. एवढं बदनाम द्रव्य, आणि निव्वळ निकोटिनसाठी उंदीर फारसा राबत नाही! दोन्ही एकत्र दिलं तर मात्र धडाधड दाबतो, दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त.

पुढचं आणखी मजेशीर. निकोटिन कळेशी न जोडता आपलं आपणच शिरेत सोडलं आणि कळ दाबल्यावर फक्त दिवा लावला, तरी उंदीर जवळपास तेवढंच दाबतो. म्हणजे निकोटिन स्वतः फार गोड नाही, ते शेजारच्या गोष्टीला गोड करतं. शेजारी जे असेल त्याला. कटिंग चहा. गॅलरी. दादरच्या पुलावर गाडी चुकल्यावरची चार मिनिटं.

माझे वडील गिरणीत होते. त्यांची पितळी डबी दोन तोंडांची: एका बाजूला तंबाखू, दुसरीकडे चुना. बायपासनंतर सोडली, त्याला अकरा वर्षं झाली. डबी रिकामी आहे, धुतलेली आहे. संध्याकाळी बातम्या लागल्या की हातात घेतात आणि चुन्याच्या बाजूचं झाकण अंगठ्याने उघडतात, बंद करतात. टिक, टिक. आई ओरडते. मी काही बोलत नाही.

आगाऊ_कार्टं | रविवार, रात्री १०.०९

म्हणजे या संस्थळावर आपण "दिवे घ्या" (गंमत आहे, 'लाइट'ली घ्या) म्हणतो ते उंदरांना आधीपासून कळलं होतं तर!

(दिवे घ्या.)

अण्णा_बोरिवली | रविवार, रात्री १०.११

😂 पॉपकॉर्न सांडले.

रेणू_विज्ञानवाली | सोमवार, सकाळी ८.४५

लेख आवडला, पण एका ठिकाणी मास्तर जरा घाईत आहेत. पेटीतल्या उंदराला शुद्ध निकोटिन मिळतं. सिगरेटच्या धुरात हजारो गोष्टी असतात. त्यातल्या काही मेंदूतलं एमएओ नावाचं विकर (डोपामिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम) दाबतात. ओढणाऱ्यांच्या मेंदूत ते कमी असतं हे १९९६ मध्ये पेट स्कॅनवर दिसलं. उंदरांना एमएओ दाबणारं औषध आधी दिलं तर ज्या कमी डोसला ते एरवी विचारत नाहीत त्यावरही कळ दाबायला लागतात. म्हणजे शुद्ध निकोटिनवरून काढलेली खालची हद्द खऱ्या सिगरेटीला थोडी वरचीच पडेल. उंदीर निकोटिन पचवतातही लवकर: आपल्या रक्तात ते निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात, उंदरात एक. त्यामुळे 'उंदरात एवढा मायक्रोग्रॅम, म्हणून माणसात एवढा' असं थेट गणित होत नाही. उंदीर आकार सांगतो, आकडा माणसांच्या प्रयोगातून येतो.

एका जागी मात्र उंदराला पर्याय नव्हता. मेंदूत निकोटिन ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचा बीटा-२ नावाचा तुकडा नसलेले छोटे उंदीर तयार केले, ते निकोटिनकडे ढुंकून बघत नाहीत (पिच्चिओटो, १९९८). हे माणसात कसं कळलं असतं?

परळ_मास्तर | सोमवार, सकाळी ९.३०

मान्य. एमएओचं मी गाळलं. "उंदीर आकार सांगतो" हे उद्या वर्गात वापरणार, तुमचं नाव न घेता.

कुर्ला_टर्मिनस | सोमवार, सकाळी १०.१५

हे सगळं कंपन्यांना आधी माहीत नव्हतं का पण?

रेणू_विज्ञानवाली | सोमवार, सकाळी ११.००

होतं. १९८० च्या सुरुवातीला फिलिप मॉरिसच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर डीनोबल आणि पॉल मेली हेच करत होते. उंदरांनी कळ दाबून निकोटिन घेतलं. निबंध नियतकालिकाने स्वीकारलेला असताना कंपनीने मागे घ्यायला लावला, १९८४ मध्ये प्रयोगशाळाच बंद केली. एप्रिल १९९४ मध्ये सात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले, निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. दोन आठवड्यांनी डीनोबल त्याच समितीपुढे बसून उंदरांचं सांगत होते.

मांजरप्रेमी, तुमच्या "कशासाठी मेली" या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं अर्धं उत्तर एवढंच. हे उंदीर कंपनीच्या पैशाने मेले आणि कंपनीच्याच विरुद्ध पुरावा झाले.

मांजरप्रेमी | सोमवार, सकाळी ११.२६

अर्धं उत्तर स्वीकारते. माकडांचं तरी नाहीच.

माहीमची_दातवाली | सोमवार, दुपारी २.५०

मी दंतवैद्य. दवाखाना बंद करून लिहितेय, त्यामुळे थोडं लांबेल.

शिवडीच्या सूनबाईंचा मुद्दा कोणी उचलला नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्यांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करतात. तोंडात ठेवायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. अमेरिकेचा प्रस्ताव फक्त जाळायच्या प्रकारांचा आहे, तोंडातल्या तंबाखूला तो लागूच नाही. म्हणजे उद्या तोच नियम जसाच्या तसा इथे आणला तर माझ्या खुर्चीत बसणाऱ्या दहांपैकी आठ-नऊ जणांना फरक पडणार नाही. उलट बिडीवाला म्हणेल, हिच्यात काही राहिलं नाही, आणि बार भरायला लागेल. तिकडे त्यांचा भरवसा असा की लोक सिगरेट सोडून कमी घातक प्रकाराकडे जातील. आपल्याकडे ई-सिगरेट २०१९ पासून बंद. इकडून तिकडे म्हणजे पुडीच.

आणि तोंडातल्या तंबाखूत 'ग्रॅममागे किती' एवढं मोजून भागत नाही. चुना का लावतात, कधी विचार केलाय? निकोटिन आम्लात अडकून पडतं, गालाच्या आतल्या कातडीतून पलीकडे जात नाही. अल्कली मिळालं की मोकळं होतं आणि झरकन रक्तात उतरतं. पीएच ६ असेल तर जेमतेम १ टक्का मोकळं, ८ ला निम्मं, ९ ला ९० टक्क्यांच्या आसपास. तंबाखू तीच, ग्रॅम तेच, पण अंगठ्याने चुना किती ओढला त्यावर डोस ठरतो. कारखान्यात तुम्ही निकोटिन निम्मं करा, हा तळहातावर चुना वाढवेल. मळणारा माणूस स्वतःच फार्मासिस्ट आहे.

माझ्याकडे एक माथाडी काका येतात. मळून दाखवा म्हटलं तर दाखवलं: डाव्या तळव्यावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने तेरा-चौदा वेळा रगडणं, दोन टाळ्या, फुंकर, आणि खालच्या ओठात. टाळ्या कशाला? म्हणे, चुन्याची भुकटी उडते, नाहीतर ओठ भाजतो. म्हणजे डोस वाढवायचा आणि जळायचंही नाही, दोन्ही साधलेलं. कोणत्या पेटीत बसवाल हे?

कमी निकोटिन म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नका. कॅन्सर निकोटिनमुळे होत नाही, तंबाखूतल्या नायट्रोसामाइन्ससारख्या इतर गोष्टींमुळे होतो, आणि निकोटिन उतरवलं तरी त्या तिथेच असतात. तोंड उघडत नाही म्हणून येणारे तर सुपारीचे रुग्ण, त्यात निकोटिनचा संबंधच नाही.

परळ_मास्तर | सोमवार, दुपारी ३.३५

डॉक्टर, माझ्या पूर्ण लेखापेक्षा तुमचा हा प्रतिसाद उपयोगाचा आहे. चुन्याचं मी रोज वडिलांच्या हातात बघत होतो आणि पीएच रोज वर्गात शिकवत होतो. दोन्ही कधी जोडलं नाही.

बिडीचंही तसंच. अमेरिकेतल्या एका मोजणीत बिडीच्या तंबाखूत ग्रॅममागे २१ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन निघालं होतं, तिथल्या फिल्टर सिगरेटीत १६. 'देशी आहे, हलकी आहे' म्हणून ओढणाऱ्यांनी वाचावं.

तपस्वी_बाबा | सोमवार, दुपारी ४.०८

सर्व व्यसनांवर एकच उपाय: रोज सकाळी ओवा आणि

संपादक_मंडळ | सोमवार, दुपारी ४.२०

वरील प्रतिसादाचा जाहिरातीचा भाग काढला आहे. धागा चांगला चालला आहे, मूळ विषयावर राहू द्या.

कुर्ला_टर्मिनस | सोमवार, रात्री ८.५५

विषयावरच आहे. काल रात्रीपासून मोजतोय. दहा ओढतो म्हणालो होतो, तर काल रात्री जेवल्यापासून आत्तापर्यंत चौदा. त्यातल्या पाचांची तलफ नव्हती. दोन गाडी लेट म्हणून, दोन ऑफिसखालच्या चहाबरोबर, एक फोन आला म्हणून. मास्तर, ते दिवे काढता येतात का?

परळ_मास्तर | सोमवार, रात्री ९.२०

उंदरात येतात. दिवा लावत राहायचं आणि निकोटिन द्यायचं नाही, हळूहळू दाबणं विझतं. पण मध्ये एकदा जरी निकोटिन मिळालं तरी परत दाबायला लागतो. कमी निकोटिनच्या सिगरेटीमागचा डाव हाच आहे: हात, धूर, चहा सगळं तसंच राहू दे, फक्त आतून बक्षीस काढून घे.

तुमच्यासाठी तशी सिगरेट इथे मिळत नाही. चहाची जागा आधी बदलून बघा. पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर छापलेला असतो, मराठीतही बोलतात. आणि २ मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो सारखा चघळायचा नसतो. चावायचा, गालात ठेवायचा. आणि त्या वेळी चहा-कॉफी नको, आम्लात निकोटिन अडकतं, वर डॉक्टरांनी सांगितलंय तेच.

शिवडीची_सून | सोमवार, रात्री ९.४१

म्हणजे चुन्याचं उलटं!

आगाऊ_कार्टं | सोमवार, रात्री १०.१६

एक शंका. आपल्याकडे पुडीवर निकोटिन किती ते छापायचा कायदाच नाही का? शेंगदाण्याच्या पाकिटावर सुद्धा प्रथिनं लिहिलेली असतात.

रेणू_विज्ञानवाली | सोमवार, रात्री १०.४०

आहे. २००३ च्या कोटपा (तंबाखू नियंत्रण) कायद्याचं कलम ७, पोटकलम ५. निकोटिन आणि टार किती, आणि कमाल मर्यादा किती, दोन्ही वेष्टनावर हवं. कलम ११ मध्ये तपासायच्या प्रयोगशाळांचीही तरतूद आहे, त्यातली एक आपल्या मुंबईतच, मुंबई सेंट्रलला.

नाक्यावरचा_वाणी | सोमवार, रात्री १०.५२

मी आत्ता शटर ओढायच्या आधी अकरा प्रकारच्या पुड्या आणि पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. किंमत आहे, वजन आहे, कुठे बनली ते आहे, तुमचा १८०० चा नंबर आहे. निकोटिनचा आकडा एकावरही नाही.

आणि ८५ टक्के जागा तर त्या सडलेल्या गालाच्या फोटोलाच गेलीये. छापणार कुठे?

परळ_मास्तर | सोमवार, रात्री ११.०३

बाजूच्या पट्टीवर. किमतीच्या खाली अर्धा इंच मोकळा आहे, वडिलांच्या जुन्या पुडीवर आत्ताच मोजला.

शिवडीची_सून | सोमवार, रात्री ११.०५

जुनी पुडी? अकरा वर्षांपूर्वी सुटली ना?

परळ_मास्तर | सोमवार, रात्री ११.१९

वजन-किंमत बघितली. फार जुनी नाहीये.